मामाचा प्रश्न आणि हवाईतली गोगलगाय

"ह्याला खाणारं कायतरी आणून सोडावं की सरकारनं! एवढे शिकले-सवरलेले साहेब हायेत, एक किडा सापडंना व्हय त्यांना?"

औसा तालुक्यातल्या शेतात मामा हे म्हणाला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले असतील. जुलै २०२२. पाऊस नुकताच उघडला होता. सोयाबीन दोन पानांवर आलेलं, आणि बांधाकडून आत शंखी गोगलगायींची रांगच लागली होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. गोगलगाय उचलायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. ती जमिनीवरून सुटताना चिकट 'चप्' असा आवाज येतो, बादलीत पडताना 'टक्' असा. तासाभरात दोन बादल्या भरल्या. मागे वळून बॅटरी मारली तर वेचलेल्या ओळीत पुन्हा तेवढ्याच. मामाने पायाने एक ढेकूळ उलटवलं. खाली साबुदाण्यासारख्या पिवळसर अंड्यांचा पुंजका, शंभर-दोनशेचा. "हे बघ, पुढच्या पंधरवड्याची सोय," तो म्हणाला.

त्या वर्षी लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद या पट्ट्यात गोगलगायींनी कोवळं सोयाबीन कुरतडून फस्त केलं. दुबार पेरणी झाली, काहींची तिबार. पंचनाम्यांसाठी आंदोलनं झाली. वर्षानुवर्षं आपण 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणत आलो, पण तिच्या पोटात आख्खं शिवार जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

म्हणजे मामाचा प्रश्न येडपटपणाचा नव्हता. आयुष्यभर त्याने हेच पाहिलंय की मांजर उंदीर खातं, बगळा नांगरामागे अळ्या टिपतो. मग हिला खाणारं कुणीतरी असणारच. आहेच. याच गोगलगायीबद्दल हाच प्रश्न हवाई बेटांवर सत्तर वर्षांपूर्वी विचारला गेला होता, आणि तिथल्या सरकारने तो मनावर घेऊन उत्तरही दिलं होतं. ते उत्तर कुणाला भोवलं, हे महाराष्ट्रात कुणी सांगत नाही. एखादा आमदार विधानसभेत उभा राहून मामाचाच प्रश्न विचारेल आणि एखादा मंत्री 'सकारात्मक विचार करू' म्हणेल, त्याच्या आत ते सांगून टाकलेलं बरं.

ही शंखी गोगलगाय मुळात पूर्व आफ्रिकेतली. भारतात ती आपसूक आलेली नाही. विल्यम बेन्सन नावाच्या, शंखशिंपल्यांचा षोक असलेल्या इंग्रजाने १८४७ मध्ये मॉरिशसहून काही गोगलगायी कलकत्त्याला आणल्या. तिथल्या बागेतून त्या पसरत गेल्या. हवाईत ती पोचली १९३६ मध्ये. तिथेही माणसांनीच आणली, हौसेने. वीस वर्षांत तिने बागा आणि भाजीपाला यांचं जे केलं ते मामाला वेगळं सांगायला नको. शेतकरी ओरडले. शेतीखात्यावर दबाव आला. 'काहीतरी करा.'

मग १९५५ मध्ये खात्याने 'काहीतरी' आणलं. अमेरिकेच्या आग्नेय भागातली एक शिकारी गोगलगाय, शास्त्रीय नाव युग्लॅंडिना. तिथले लोक तिला गुलाबी लांडगा-गोगलगाय म्हणतात, आणि नाव अगदी रास्त आहे. पाला वगैरे तिला चालत नाही, ती खाते दुसऱ्या गोगलगायी. तोंडाशी मिशीसारखे दोन लांब ओठ असतात. ते जमिनीला लावत ती सावजाच्या चिकट रेघेचा माग काढते आणि रेघ जिथे संपते तिथे पोचते. सावज लहान असलं तर शंखासकट गिळते. गोगलगायीच्या मानाने पळतेही जोरात. झाडावर चढते. कागदावर याहून चांगला उमेदवार मिळाला नसता.

अडचण अशी की 'आफ्रिकन गोगलगाय खा, बाकीच्यांना हात लावू नकोस' असं तिला कुणी सांगू शकत नव्हतं. पूर्ण वाढलेली आफ्रिकन गोगलगाय तळहाताएवढी. तिच्याशी झटापट करण्यापेक्षा रानात एक-दोन सेंटिमीटरचा मऊ घास आयता मिळत असेल तर लांडगा काय करेल?

हा मऊ घास म्हणजे हवाईच्या झाडांवरच्या गोगलगायी. ओआहू बेटावरच्या या वंशाचं नाव अकॅटिनेला. एरवी आपण ज्याला गोगलगाय म्हणतो त्याच्याशी याचं काही साम्य नाही. हिरवा, पिवळा, तपकिरी, दुधी, त्यावर गोल फिरत गेलेले गडद पट्टे. रंगवलेल्या भोवऱ्यासारखे चकचकीत शंख. एका दरीतल्या गोगलगायींचे पट्टे एका तऱ्हेचे, डोंगर ओलांडून पलीकडच्या दरीत गेलं की दुसऱ्याच तऱ्हेचे. हवाईचे लोक या शंखांच्या माळा करत. या गोगलगायी रात्री गातात असंही ते मानत. त्यांच्या भाषेतल्या एका नावाचा अर्थच लांब सूर लावणारा शंख असा आहे. तो आवाज बहुधा रातकिड्यांचा असावा असं शास्त्रज्ञ म्हणतात. असेल. पण रातकिड्याचं श्रेय गोगलगायीला द्यावंसं वाटणाऱ्या माणसांनी तिच्याकडे किती वेळ निरखून पाहिलं असेल!

१७८०च्या दशकात जॉर्ज डिक्सन नावाच्या इंग्रज कप्तानाला तिथे अशीच एक माळ भेट मिळाली. त्या माळेतल्या शंखावरून हवाईतल्या जमिनीवरच्या गोगलगायीची पाश्चात्य शास्त्रातली पहिली नोंद झाली: अकॅटिनेला एपेक्सफल्वा, म्हणजे पिवळ्या टोकाची. पुढे १८५०च्या सुमारास जॉन गुलिक नावाच्या मिशनऱ्याच्या पोराने झपाटल्यासारखे शंख गोळा केले, चाळीस हजारांहून जास्त. हवा तीच, झाडंही तीच, मग शेजारच्या दरीत शंख वेगळा का, हा प्रश्न त्याला सुटेना. नुसतं एकमेकांपासून तुटून राहणंही नवी जात घडवायला पुरेसं असतं, असं त्याने मांडलं. उत्क्रांतीच्या चर्चेत ही भर मोलाची होती. ती घालायला चाळीस हजार जीव लागले हेही खरं, आणि तेव्हाच्या हौशी संग्राहकांना मी हात जोडणार नाही. माळांसाठी आणि कपाटांसाठी झालेली वेचणी, गुरांसाठी तोडलेली जंगलं, जहाजांतून उतरलेले उंदीर, या सगळ्यांनी लांडगा यायच्या आधीच या गोगलगायींना खिळखिळं करून ठेवलं होतं. १९७०च्या दशकात पाळीव प्राण्यांच्या धंद्यातून सुटलेल्या आफ्रिकन सरड्यांची त्यात भर पडली.

त्यात या गोगलगायींचं जगणंच सावकाश. पाऊसच पाऊस असलेल्या डोंगरात ओहिया नावाच्या झाडाच्या पानांवर बारीक बुरशीचा पातळ थर चढतो, तो त्या चाटून खातात. पानाला धक्का लावत नाहीत. अंडी घालत नाहीत, एका वेळी एकच जिवंत पिल्लू देतात. ते वयात यायला काही वर्षं लागतात. कित्येक गोगलगायी एका झाडावर जन्मतात आणि त्याच झाडावर मरतात. वर्षाला हातावर मोजण्याएवढी पिल्लं देणारा जीव एका बाजूला, एका ढेकळाखाली दोनशे अंडी टाकणारी आफ्रिकन गोगलगाय दुसऱ्या बाजूला. लांडगा दोघींत सोडला, तर आधी कोण संपणार हे सांगायला शेतीखातं लागत नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेने अकॅटिनेलाचा आख्खा वंश, ४१ जाती, एका फटक्यात धोक्यात आलेल्यांच्या यादीत टाकला. त्यातल्या बऱ्याचशा तोवर संपलेल्याच होत्या. आज जेमतेम दहाच्या आसपास उरल्यात. पिवळ्या टोकाच्या गोगलगायीचे शेवटचे दहा जीव १९९७ मध्ये विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणले. त्यांना पिल्लं झाली, बहुतेक मेली, एक उरलं. त्याचं नाव जॉर्ज ठेवलं, गॅलापागोस बेटांवरच्या, आपल्या जातीतल्या एकुलत्या एक उरलेल्या कासवावरून. (त्या कप्तानाचंही नाव जॉर्ज, हा निव्वळ योगायोग.) या गोगलगायी उभयलिंगी, तरी पिल्लासाठी जोडीदार लागतोच. जॉर्जला तो जगात कुठेच नव्हता. दहाहून अधिक वर्षं तो काचेच्या पेटीत एकटा राहिला. २०१७ मध्ये त्याच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा कापून सॅन दिएगोच्या शीतपेटीत ठेवला, पुढेमागे विज्ञानाला काही जमलं तर म्हणून. १ जानेवारी २०१९ रोजी जॉर्ज गेला. वय वर्षं चौदा.

आणि आफ्रिकन गोगलगाय? ती हवाईत मजेत आहे. लांडग्यामुळे ती आटोक्यात आल्याचा पुरावा कुणाला दाखवता आलेला नाही. 'भीक नको, पण कुत्रं आवर' असं म्हणायची वेळ आली, तोवर कुत्रं डोंगरभर पसरलेलं होतं.

एक चूक समजू शकतो. १९५५ मध्ये घाई होती, माहिती कमी होती, असं म्हणता येईल. मला खरा राग येतो तो पुढच्या प्रकरणाचा. हवाईचा प्रयोग करून बावीस वर्षं झाली होती, त्यावर टीकाही छापून आली होती, तरी १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटावर तीच लांडगी गोगलगाय त्याच कारणासाठी सोडली गेली. ताहितीत ती तीन वर्षं आधीच पोचली होती. मूरियाच्या दऱ्यांत पार्टुला नावाच्या झाडावरच्या गोगलगायींच्या सात जाती होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शास्त्रज्ञांनी त्यांचा दरीनिहाय अभ्यास केलेला. दहा वर्षांत रानात एकही सापडेना. काही प्राणिसंग्रहालयांत नेऊन वाचवल्या. त्याच भागातल्या दुसऱ्या एका बेटावरच्या पार्टुला टर्जिडा या जातीचा शेवटचा जीव लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जानेवारी १९९६ मध्ये मेला. एखाद्या जातीचा अंत कोणत्या महिन्यात, कोणत्या इमारतीत झाला हे सांगता येणं आपल्याला किती थोड्या वेळा जमतं!

असं का झालं असेल? माझं मत असं: सरकारी खात्याच्या दृष्टीने 'शत्रूवर शत्रू सोडणं' हा फार सोयीचा उपाय असतो. एकदाच करायचा. फोटो निघतो. खर्च थोडा. 'आम्ही उपाययोजना केली' हे वाक्य लगेच लिहिता येतं. शिवाय तो 'जैविक', म्हणजे विषारी नाही, म्हणजे चांगलाच. याच्या उलट बॅटरी घेऊन वेचत बसणं दरवर्षी करावं लागतं, त्याचं उद्घाटन होत नाही. आणि सोयीच्या उपायाची किंमत जो मोजतो, तो तक्रार घेऊन कलेक्टर कचेरीत येत नाही. तो झाडावर, पानाच्या खालच्या बाजूला असतो.

इथे कुणी म्हणेल, मग जैविक नियंत्रण नकोच का? तसं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. गाजरगवतावर सोडतात तो मेक्सिकन भुंगा बघा. १९८०च्या दशकात तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला, आज कृषी विद्यापीठं पावसाळ्यात डबीत भरून शेतकऱ्यांना देतात. आणण्याआधी तो आणखी कोणकोणती झाडं खातो हे तपासलं गेलं होतं, आणि नंतर तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली तेव्हा पुन्हा तपासावं लागलं. तो गाजरगवताशी बऱ्यापैकी बांधलेला आहे, म्हणून चाललं. एकाच पदार्थावर जगणारा पाहुणा घरात घेता येतो. दिसेल ते खाणाऱ्याला घेतलं की आधी शेजाऱ्याची कोंबडी जाते. डासांसाठी नगरपालिका आणि आरोग्य केंद्रं गप्पी मासे वाटतात. घराच्या टाकीत, हौदात ठीक. पण तोच दक्षिण अमेरिकेतला मासा ओढ्यात, कुंडात, देवळाच्या तळ्यात ओतताना आधी तिथे काय राहतं याची यादी किती जणांनी केली असेल?

यादीवरूनच सह्याद्री आठवला. आंबोलीत २०२१ मध्ये एका अर्ध्या गोगलगायीची नोंद झाली. अर्धी म्हणजे शंख इतका आखूड की अंग त्यात मावतच नाही. नुसती नवी जात नव्हती, नवा वंशच: वरदिया आंबोलिएन्सिस. पावसाळ्यात जिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, धबधब्याखाली वडापाव खात लोक फोटो काढतात, त्या आंबोलीत, आणि आपल्याला कळलं २०२१ मध्ये. त्याच गावच्या हिरण्यकेशी कुंडातल्या एका माशासाठी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, तेही त्याच वर्षी. चांगलं झालं. पण माशाला जो मान मिळतो तो गोगलगायीला सहसा मिळत नाही, आणि तपकिरी गोगलगायीला तर नाहीच. हवाईतही हेच दिसतं. जमिनीवर, पालापाचोळ्यात राहणाऱ्या मळकट रंगाच्या तिथल्या गोगलगायींच्या तीनशेहून अधिक जाती होत्या, त्यांतल्या बहुतेक गेल्या. त्यांच्यातल्या कुणाचं नाव जॉर्ज ठेवलं गेलं नाही.

रंगाचाही भरवसा नको म्हणा. क्यूबातली पॉलिमिटा ही जगातली सगळ्यात देखणी गोगलगाय मानतात: लिंबू पिवळा, शेंदरी, काळा, सगळे रंग एकाच शंखावर. तिच्या शंखांच्या माळा पर्यटकांना इतक्या विकल्या गेल्या की २०१७ पासून तिच्या सगळ्या सहा जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालावी लागली. तरी चोरटी विक्री थांबलेली नाही. मळकट असाल तर कुणी बघत नाही, देखण्या असाल तर सगळेच बघतात.

मग मराठवाड्याने काय करावं? जे करायचं ते कंटाळवाणं आहे आणि बऱ्याच शेतकऱ्यांना ते माहीत आहे. पहिला पाऊस पडला की अंडी घालायच्या आत गोळा करायच्या, एकट्याने नाही, सगळ्या शिवाराने एकाच वेळी. कारण तुम्ही वेचल्या आणि शेजाऱ्याने नाही तर पंधरा दिवसांत त्याच्या तुमच्या झाल्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाला टाकायची आणि सकाळी उलटून वेचायचं. बांधाकडेने चुन्याची रेघ. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या शेवटचा उपाय, कारण त्या कोणती गोगलगाय परकी आणि कोणती आपली हे ओळखत नाहीत, आणि कुत्र्या-मांजरांनाही मारतात. त्या वर्षी मामाच्या शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं असंच गेलं. हात उघडा लावायचा नाही, कारण आफ्रिकन गोगलगायीतून मेंदूपर्यंत जाणाऱ्या जंताची लागण होऊ शकते. यात सरकारने काय करावं? वेचणीला मजुरी द्यावी, रोजगार हमीत बसवावी. आणि नर्सरीच्या रोपांच्या पिशव्यांतली माती तपासावी. परराज्यातून ट्रक भरून रोपं येतात, पिशवीच्या तळाशी अंडी आहेत का हे कोण बघतं? गोगलगाय स्वतः चालून तालुका ओलांडायला वर्षं लागतील. ट्रकमध्ये ती एका रात्रीत ओलांडते.

हवाईत आज काय चाललंय तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या वाटेचा हिशोब लक्षात येईल. डोंगरमाथ्यावर जंगलाचे लहान तुकडे भिंत घालून वेगळे केलेत. भिंतीला बाहेरून खाली झुकलेली कड, त्याखाली तांब्याची कापलेली जाळी, त्यावर विजेच्या तारा, लांडग्याला झटका बसेल एवढ्याच दाबाच्या. आतल्या शिकारी गोगलगायी माणसांनी गुडघ्यावर बसून, पान-पान उलटून वेचून काढल्या. यातले काही तुकडे चक्क अमेरिकन लष्कर सांभाळतं, कारण त्यांच्या सरावात जंगल जळतं आणि कायद्याने त्यांना भरपाई करावी लागते. बाकीच्या गोगलगायी प्रयोगशाळेतल्या कपाटांत आहेत. तिथे डोंगरावरचं तापमान आणि पाऊस यंत्राने तयार करतात, ओहियाच्या ताज्या फांद्या रानातून आणून घालतात, बुरशी वेगळी वाढवून खायला देतात. एक कपाट बिघडलं तर एक जात संपू शकते. पॉलिनेशियात २०१५ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या पार्टुला पुन्हा झाडांवर सोडतायत, शंखावर रंगाचा ठिपका देऊन. रानात जन्मून मोठी झालेली एक पार्टुला तोहिवेआना पुढे सापडली, आणि २०२४ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ती जात 'रानातून नष्ट' या खान्यातून एक पायरी वर आली. चाळीस वर्षं, कितीतरी प्राणिसंग्रहालयं, आणि इतका सगळा पैसा, एका पायरीसाठी. कोवळी पार्टुला नखाएवढी असते.

हे सगळं मी मामाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "म्हंजी आधी वेचायचं, मग बी वेचायचंच," एवढंच म्हणाला, आणि चुन्याची पिशवी आणायला गेला.

गेल्या जूनमध्ये पुन्हा गेलो होतो. गल्लीतली पोरं बादल्या घेऊन बांधावर फिरत होती, एकमेकांशी पैज लावून. मामाने बॅटरी खाली धरली आणि बोटाने काहीतरी बाजूला सारलं. आफ्रिकन गोगलगायीचा लांबोडा, तपकिरी ओरखड्यांचा शंख नव्हता तो. चपटा, फिकट, बटणाएवढा.

"ही आपली हाय का?" त्याने विचारलं.

आपलीच असावी असं मला वाटलं. नाव येत नव्हतं. मामाने ती उचलून बांधावरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला लावली, आणि आम्ही पुढच्या ओळीत गेलो.